सतरा नंबरची लेक

आमच्या घराचं दार उघडलं की पहिल्याच खोलीत खड्डा आहे. माझे सासरे त्यात पाय सोडून बसतात आणि घोंगडी विणतात. माग जमिनीलगत बसवलेला, पायानं दाबायच्या पावड्या खाली खड्ड्यात. माझं लग्न ठरलं तेव्हा मावशी घर बघून आली आणि आईच्या कानात म्हणाली, घर चांगलंय, पण बैठकीत खड्डा आहे. त्या खड्ड्याच्या घरात मी नांदायला आले, आणि आता कोणी त्याबद्दल वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझा सूर चढला तर नवल वाटायला नको.

नळदुर्ग सोडून हैदराबादच्या अंगानं थोडं गेलं की हायवेवर आमच्या गावाचा फाटा लागतो. घरच्या मेंढ्या आहेत. त्या माझा नवरा राखतो. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडं तशीच रीत आहे. कातरलेली लोकर पिंजून आत्या सूत काढतात, मामा विणतात. एक लांब पट्टी विणायची, मधोमध कापायची, दोन्ही तुकडे शेजारी ठेवून शिवायचे, की झाली घोंगडी. शिवण आत्यांची. आसपासच्या वस्त्यांवर बहुतेकांनी हे सोडून दिलंय. लोकर घ्यायला कोणी येत नाही म्हणून कातरून बांधावर टाकतात. आमच्याकडं विणणं सुटलं नव्हतं, पण घोंगड्या घडी घालून पडून राहायच्या. बाजारात गिऱ्हाईक हात लावून बघायचं, टोचते म्हणायचं आणि शेजारच्या दुकानातलं गुळगुळीत ब्लँकेट उचलायचं.

लग्नाआधी मी सोलापुरात चादरी विकणाऱ्या एकाच्या गोदामात कामाला होते. इंटरनेटवर माल चढवायचा, फोटो, माप, रंग, नंबर भरायचे, हे काम मला येत होतं. सध्या गावातल्या ई-सेवा केंद्रात बसते, लोकांचे फॉर्म भरून देते. तिथला कॉम्प्युटर हाताशी होता. म्हटलं, गावच्या बाजारात टोचते ना, मग जिथं कोणाला तरी टोचणारीच पाहिजे असेल तिथं नेऊ. दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांत खाती उघडली आणि तिसरी आमची स्वतःची छोटी वेबसाइट काढली. माणसं घ्यायला लागली. योगा करणारी, ट्रेकला जाणारी, कंबरदुखीवाली, आजोबांच्या घोंगडीची आठवण काढणारी. आत्यांना हे ऐकून गंमत वाटायची.

थोरल्या भाऊजींना मात्र गंमत वाटत नव्हती. ते धाराशिवला नोकरीला, रविवारी येतात. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही असं ते पाळतात, त्यामुळं मला जे सुनवायचं ते माझ्या नवऱ्याकडं तोंड करून बोलतात. त्यांच्या मुलाचं लग्न बघत होते. मुलीकडचे घर बघायला येणार, आणि बैठकीत खड्डा, लोकरीचा वास, चिंचोक्याच्या खळीची भांडी. त्यांनी फरश्या आणून भिंतीला लावूनही ठेवल्या होत्या. खड्ड्यात मुरूम भरायचा आणि वर फरशी टाकायची, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. माझं दुकान सुरू झालं म्हणून ते थांबले. नवऱ्याला म्हणाले, "चालतंय तवर चालू द्या. बंद पडलं की दुसऱ्या दिशी मुरूम." मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हटलं, चालेल. मामांनी मान वर केली नाही, पण सुतातून फिरणारा धोटा थांबला तेवढा.

आता या दुकानातली खरी डोकेदुखी सांगते. या बाजारांच्या दृष्टीनं वस्तू म्हणजे एकसारख्या नगांची रास. एक निळी बादली विकली तर मागं तशाच हजार निळ्या बादल्या असतात, म्हणून सगळ्यांना मिळून एकच नंबर. आमची एक घोंगडी दुसरीसारखी नसते. लोकर रंगवत नाही, मेंढीच्या अंगावर जो रंग तोच घोंगडीचा. एक गर्द काळी, एक करडी, एकीच्या काठाला पांढरी रेघ, एकीत मधेच तांबूस झाक उतरलेली. म्हणून मी प्रत्येक घोंगडीला तिचा स्वतःचा नंबर दिला. तो कापडाच्या तुकड्यावर लिहून आत्या कोपऱ्यात शिवायच्या. पण दोन्ही बाजार आपापला वेगळा नंबर देतात आणि वेबसाइटचा आणखी तिसरा. म्हणजे एकाच घोंगडीला चार नंबर. ते एकमेकांना जोडणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. सतरा नंबरची एका ठिकाणी विकली गेली की ती बाकी दोन्ही ठिकाणांहून आपोआप उतरली पाहिजे, नाहीतर एकच घोंगडी तिघांना विकल्याचं पाप डोक्यावर.

बाजाराच्या मदत केंद्रातला मुलगा प्रत्येक फोनला एकच सल्ला द्यायचा. मॅडम, सगळ्यांचा एकच नंबर करा, 'काळं लोकरी ब्लँकेट' लिहा, संख्या टाका, विषय संपला. मी त्याला विचारलं, गिऱ्हाइकानं करडी बघून मागवली आणि घरी काळी गेली तर? तो म्हणाला, रंगात थोडा फरक पडू शकतो असं खाली लिहायचं. मी नाही म्हणाले. करडी ही काळीतला थोडा फरक नाही, ती करडी आहे. आणि ब्लँकेट तर ती नाहीच.

तोच सल्ला सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं वेगळ्या तोंडानं दिला. तो भाऊजींच्या ओळखीचा. घरी आला, चहा घेतला, घोंगड्या चाचपल्या आणि म्हणाला की सगळा माल मला द्या. त्याच्या गिरणीच्या ब्लँकेटांचा नंबर आधीच चालू होता, त्याच नंबराखाली आमच्याही घालायच्या, वर त्याचं लेबल. तुम्ही नुसतं विणा, नंबराची कटकट माझी. मी म्हटलं, कटकट आमची आहे आणि ती आम्हाला आवडते. भाऊजींनी माझ्या नवऱ्याकडं असं बघितलं की बिचारा मेंढ्यांना पाणी दाखवायला उठून गेला.

आणि नेमक्या त्याच काळात तक्रारी सुरू झाल्या. नागपूरच्या एका बाईंनी पांढऱ्या रेघेची मागवली होती, त्यांना सबंध काळी मिळाली. मग पुण्याहून तसंच. मग बेंगळुरूहून. परत आलेली घोंगडी मी उघडली, तर कोपऱ्यात नंबर बरोबर. मागवली सतरा, आली सतरा. पण फोटोतली सतरा निराळी.

मी सरळ सॉफ्टवेअरला धरलं. म्हटलं नंबर जुळलेत आणि फोटो सरमिसळ झालेत. केंद्रातली गर्दी ओसरली की बसायचं आणि एकेक नंबर तिन्ही ठिकाणी पुन्हा जोडायचा, असा उद्योग चालू केला. हातात आलेल्या घोंगडीचा नवा फोटो काढून जुन्याच्या जागी लावला. त्यानं गोंधळ आणखी वाढला, कारण आता फोटोही खोटा पडायला लागला. सॉफ्टवेअरवाल्यांना मी फोनवर नाही नाही ते बोलले. ते बिचारे म्हणत होते, मॅडम, आमच्याकडून काही हललेलं नाही. मी म्हणत होते, मग काय माझ्या घोंगड्या रांगत जागा बदलतात?

दोन बाजारांतला जो मोठा, त्यानं ताकीद पाठवली. चुकीचा माल पाठवण्याबद्दल आणखी एक तक्रार आली की खातं बंद. निम्म्याहून जास्त विक्री तिथूनच व्हायची. ही गोष्ट भाऊजींच्या कानावर कशी गेली कोण जाणे, पण त्या रविवारी त्यांनी गवंड्याला फोन करून ठेवला. मला रडू आलं, ते रागानं आलं. माझ्या कामात चूक नाही हे मला माहीत होतं आणि चूक होत होती हेही दिसत होतं.

ती सापडली मेंढवाड्यात. आदल्या आठवडी बाजारात आम्ही एक मेंढी विकली होती. अंगावर पांढरे-काळे पट्टे, म्हणून तिचं नाव बांडी. त्या दिवशी मी सरपण आणायला मागं गेले तर आत्या एका कोकराला पाला दाखवून हाक मारत होत्या, "ये बांडे, ये." कोकरू तर कोळशासारखं काळं. मला हसू आलं. म्हटलं, आत्या, हिच्या अंगावर एक पांढरा केस नाही, ही बांडी कशी?

"बांडी गेली न्हवं? मग तिची जागा हिची," आत्या म्हणाल्या. "नाव रिकामं ठिवू नी. रिकाम्या नावानं खांड उतरतंय."

खांड म्हणजे आमचा कळप. तो घटू नये म्हणून गेलेल्या मेंढीचं नाव लगेच दुसरीला द्यायचं, ही या घराची रीत. मी लग्न झाल्यापासून बघत होते, पण कधी विचार केला नव्हता. सरपण तिथंच टाकलं आणि विचारलं, आत्या, घोंगडीच्या नंबराचं तुम्ही काय करता?

"तेच की," त्या म्हणाल्या. "तू फोनवर म्हनतीस, सतरा गेली. मग सतरा रिकामी झाली का न्हाय? सुईखाली जी आसंल तिला म्या सतरा देती."

सगळं समोर उभं राहिलं. विक्री झाली की मी केंद्रातून फोन करायची. मामा मागावर, म्हणून फोन आत्या घ्यायच्या. सतरा गेली म्हटल्याबरोबर त्या हातातल्या नव्या घोंगडीला सतरा शिवायच्या आणि रॅकवर ठेवायच्या. मामा विणकाम आवरून उठायचे, रॅकवरची वरची सतरा उचलायचे, पिशवीत बांधायचे. केंद्रात येऊन माझ्याकडून पत्त्याचा कागद चिकटवून घ्यायचे आणि हायवेवरच्या ढाब्याला नेऊन द्यायचे, तिथं कुरिअरची गाडी थांबते. बांधलेली पिशवी मी कधी उघडली नाही. खरी सतरा खाली घडीत तशीच. गेलेली म्हणून मला ती रॅकवर शोधायचंही कारण नव्हतं. धावत घरात आले, घोंगड्या उपसल्या, तर गेलेल्या म्हणून धरलेल्या तळाशी निघाल्या, आणि परत आलेल्यांशी त्यांच्या जोड्याच जमल्या. एका नंबराच्या दोन दोन. तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर, माझं सॉफ्टवेअर आणि मी, कोणाच्या डोक्यात आलं नसतं की नंबर हा मागं लेकरू ठेवून जातो.

मी आत्यांना समजावलं की हे नंबर एकदाच वापरायचे असतात. विकली की तो नंबर कायमचा बंद. त्यांनी सुई खाली ठेवली. कायमचा बंद हा शब्द त्यांना असा लागला, जणू मी त्यांच्या घरावर काही अभद्र बोलले. "मग म्या नंबरच शिवत न्हाय," म्हणाल्या. आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं, का म्हणून बंद करायचा? त्या बाजाराला सोयीचं म्हणून? त्यांच्या कॉम्प्युटरला दोन सतरा चालत नाहीत, एवढंच ना? मग दोन सतरा निराळ्या ओळखता येतील असं करू, पण सतरा मरणार नाही.

तसंच केलं. पहिली सतरा ती नुसती सतरा. तिच्या जागी आलेली, सतराची पहिली लेक. आत्यांनी नंबराच्या खाली लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा, मी कॉम्प्युटरवर सतरापुढं रेघ देऊन एक लिहायचा. दुसऱ्या लेकीला दोन टाके. तिन्ही ठिकाणी तो कोरा करकरीत नवा नंबर, आमच्या घरात ती सतराच. अट एकच घातली की नाव द्यायचं ते मामा ढाब्यावरून पार्सल देऊन परत आल्यावर. ही अट आत्यांना एकदम पटली. मेंढी दाराबाहेर गेल्याशिवाय तिचं नाव दुसरीला देत नाहीतच, हे फोनमुळं चुकलं, असं त्यांचं मत पडलं.

पण शेवटचं चुकीचं पार्सल आधीच निघालेलं होतं. ते पोचलं, तक्रार आली आणि मोठ्या बाजारानं खातं थांबवलं. अपील करायची सोय होती. त्यात चूक मुळात कशामुळं झाली ते लिहायचं होतं. गोदामातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, सगळे काय लिहितात तेच लिही, कामगाराची चूक झाली, त्याला काढून टाकलं, पुन्हा होणार नाही. असं लिहिलं की खातं उघडतं.

मी तो रकाना उघडून बसले. समोर खुर्चीत कोणी म्हातारा पीकविम्याचा फॉर्म घेऊन थांबलेला. माझा कामगार कोण, तर आत्या. चूक कोणती, तर नाव रिकामं न ठेवणं. मी लिहिलं की आमच्या घरात गेलेल्याचं नाव मागं येणाऱ्याला देतात, तुमच्या पद्धतीत ते बसत नव्हतं, आता दोन्ही बसतील अशी सोय केली आहे, ती अशी अशी. कोणाची चूक झालेली नाही. कोणाला काढलेलं नाही. आणि पाठवून दिलं.

अपील फेटाळलं. कारण समाधानकारक नाही, असं एका ओळीत कळवलं. मैत्रीण म्हणाली, एक वाक्य खोटं लिहायला काय जात होतं तुझं? पुष्कळ जात होतं. तिला समजलं नाही आणि मी समजावत बसले नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो नुसता म्हणाला, "बरं केलंस." त्याच्याकडून एवढं म्हणजे लई झालं.

भाऊजी मात्र शब्दाचे पक्के. खातं बंद झाल्याचं कळलं आणि पुढच्या रविवारी सकाळी मुरमाचा ट्रॅक्टर अंगणात. मागं गवंडी, हातात घमेलं. मी ओसरीत आडवी उभी राहिले. म्हटलं, दुसरा बाजार चालू आहे, वेबसाइट चालू आहे, काहीही बंद पडलेलं नाही. भाऊजी माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणाले की मोठं गेलं म्हणजे गेलंच, उगं फाटे फोडू नका, पाहुणे येत्या आठवड्यात येणार. नवरा पहिल्यांदाच तिथून हलला नाही. माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. ट्रॅक्टरवाल्याला दुसरी खेप होती, त्यानं वाद संपायची वाट न बघता मुरूम अंगणातच ओतला आणि गेला.

गवंडी आत शिरायला गेला आणि उंबऱ्यातच थबकला. मामांनी पहाटेच नवा ताणा ओढला होता. लोकरीच्या उभ्या सुतांचा पट्टा खड्ड्यापासून निघून खोलीभर ताणलेला, त्याचं टोक दाराजवळच्या खुंटीला बांधलेलं. त्याच्यावरून पाय टाकल्याशिवाय खड्ड्यापर्यंत जाता येत नव्हतं. ताण्यावरून पाय टाकायचा नसतो. हे गवंड्यालाही माहीत, भाऊजींना तर लहानपणापासून माहीत. त्या ताण्यापलीकडं, खड्ड्यात पाय सोडून, मामा बसलेले. धोटा चालू.

"आबा, उठा आता," भाऊजी दारातून म्हणाले.

मामांनी धोटा टाकला, परतवला, मग बोलले. "ताना वडलाय. ही उतरस्तवर कसा उठू?"

"मग कवा उतरंल?"

"उतरंल चार-सा दिसांत," मामा म्हणाले. "मग हिची लेक चढंल."

भाऊजींनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. मी पण नजर खाली घेतली नाही. गवंडी घमेलं उलटं ठेवून त्यावर बसला, आत्यांनी त्याला चहा दिला, आणि चहा पिऊन तो गेला.

फरश्या पुढं टाकल्या, नाही असं नाही. बैठकीत खड्ड्याच्या कडेपर्यंत आणून थांबवल्या. मुरूम उचलायला ट्रॅक्टर परत बोलवायचा कोणी, यावर भाऊजी अडून बसले आणि मीही. तो ढीग अजून अंगणात आहे, मेंढ्या त्यावर चढून बसतात. पाहुणे त्याला वळसा घालून आत आले आणि मामा विणत असताना त्यांच्यासमोरच बसून पोहे खाल्ले. लग्नाचं पुढं काय झालं ते भाऊजींना विचारा. मागाचं विचारायचं असेल तर मला विचारा, तो चालू आहे.